वचनावर मनन करण्याआधी भाष्य वाचावं का?

मौनव्रती

लेक्शियो दिव्हिना, म्हणजे बायबलमधल्या वचनाचं सावकाश, प्रार्थनापूर्वक वाचन करायचं असेल, तर भाष्यग्रंथ आधी उघडू नये, असं माझं ठाम मत आहे. टिपा वाचून बसलेला माणूस वचन ऐकत नाही. टिपेतला मुद्दा त्यात शोधत राहतो.

कृती साधी आहे. अर्धा तास, सात-आठ वचनांचा उतारा, फोन दुसऱ्या खोलीत. मार्कच्या शुभवर्तमानातला 10:46-52 (10वा अध्याय, वचनं 46 ते 52) घ्या, आंधळा बार्तीमय. पवित्र आत्म्याला छोटी विनवणी करा. मग उतारा दोनदा सावकाश वाचा, पुटपुटत का होईना पण आवाजात. जिथं अडाल तिथं थांबा आणि एकच गोष्ट धरा. त्याने अंगावरचं वस्त्र टाकलं, हे अडलं तर दहा-बारा मिनिटं तेवढंच घोळवा. नंतर देवाशी बोला, देवाविषयी नव्हे. हा फरक निसटला की प्रार्थनेचं प्रवचन होतं. शेवटची पाच मिनिटं काहीच करू नका. मन भटकलं तर न चिडता उतारा पुन्हा वाचा.

बाराव्या शतकात ग्विगो दुसरा या कार्थुसियन (एका ख्रिस्ती संन्यासी संघाच्या) मठाधिपतीने सांगितलेल्या पायऱ्या याच: वाचन, मनन, प्रार्थना, ध्यान. भाष्याला त्यात जागा नाही.

यरीहोची वाट

ग्विगोचा आधार घेताय तर पुरता घ्या. स्वतःच्या बुद्धीने दडलेल्या सत्याचा शोध, अशी मननाची व्याख्या त्याचीच. वाचनावाचून मनन चुकतं, हेही त्यानेच लिहून ठेवलंय.

तुमचाच उतारा बघा. 'मी तुझ्यासाठी काय करावं?' असं येशू बार्तीमयाला 51व्या वचनात विचारतो. 36व्या वचनात हाच प्रश्न त्याने याकोब आणि योहान या आपल्या शिष्यांना विचारलाय. त्यांना वैभवात उजवी-डावी जागा हवी. रस्त्याकडेच्या भिकाऱ्याला दृष्टी हवी. मार्कने हे प्रसंग मुद्दाम शेजारी ठेवलेत. 46पासून सुरुवात करणाऱ्याला त्यातलं काही दिसणार नाही, मग तो शब्द कितीही घोळवो.

यिर्मया 29:11चे हाल तर विचारूच नका. देवाचे हिताचे संकल्प म्हणून ते परीक्षेआधी, मुलाखतीआधी मननाला घेतलं जातं. पत्र आहे बाबेलात नेलेल्या बंदिवानांना, आणि आदल्याच वचनात 70 वर्षं सांगितलीत. तेव्हा प्रौढ असलेल्यांपैकी बहुतेक परत जाण्याआधीच मरणार होते. हे वगळून जे सांत्वन मिळतं, ते आपल्याच इच्छेचं.

मौनव्रती

यिर्मयाबद्दल मान्य. पण त्यावर उपाय भाष्य नव्हे, अधिक वाचन. आदल्या दिवशी अख्खा अध्याय वाचा. मार्कमधला तो दोनदा आलेला प्रश्नही मग कुठल्याही टिपेविना दिसतो.

यरीहोची वाट

सगळं मजकुरातून कळत नाही. मत्तय 18मधल्या दाखल्यात राजा दासाचं 10,000 तलांतांचं कर्ज माफ करतो, आणि सोबत्याकडून त्या दासाचं येणं 100 दिनार. एक तलांत म्हणजे साधारण 6,000 दिनार आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. कर्ज येण्याच्या सहा लाख पट झालं! हे आधी माहीत असेल तर मनन उथळ होत नाही. क्षमा किती मोठी ते कळतं.

पहिलं स्तोत्र

मला वेगळंच खटकतं. 'काहीच करू नका' म्हणजे काय? पहिल्या स्तोत्रातला धन्य मनुष्य रात्रंदिवस नियमशास्त्राचं मनन करतो, मन रिकामं करत नाही. अर्थ सोडून शब्द जपला की मत्तय 6:7मध्ये येशूने मना केलेली पोकळ बडबड होते.

मौनव्रती

मन रिकामं करा, असं मी म्हटलेलंच नाही. वचनाने ज्याच्यासमोर आणलं, त्याच्यासमोर राहायचं. आपण बोलायचं थांबतो, विश्वास थांबत नाही. ध्यान ही देणगी आहे. ती ओढून आणता येत नाही. त्या पाच मिनिटांत काहीही जाणवलं नाही तर बैठक फुकट गेली असं मानणं, हीच इथली सर्वांत मोठी चूक.

गटवाचक

गटात हा वाद जास्त बोचतो, कारण भाष्य वाचून आलेला आपोआप शिक्षक होतो आणि बाकीचे गप्प बसतात. सहा ते आठ जण, तीन वाचनं, दर वेळी वेगळा आवाज. पहिल्यानंतर प्रत्येकाने फक्त आपला शब्द सांगायचा. दुसऱ्यानंतर 'मला' असं म्हणून एकच वाक्य. कोणी कुणाला उत्तर द्यायचं नाही, दुरुस्त तर मुळीच करायचं नाही. तिसऱ्यानंतर प्रार्थना. भाष्य सगळं झाल्यावर, वेगळी 15 मिनिटं काढून.

आणखी एक. संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमावलीतला 48वा अध्याय सांगतो, की उपवासकाळात प्रत्येकाने एक ग्रंथ घ्यावा आणि सुरुवातीपासून क्रमाने पूर्ण वाचावा. दर आठवड्याला आवडता उतारा निवडणं यात बसत नाही. मार्कचे 16 अध्याय ओळीने घ्या. यिर्मयाचे हाल मग होत नाहीत.

यरीहोची वाट

क्रमाने वाचण्याला माझा पूर्ण पाठिंबा. भाष्य शेवटी, याला मात्र नाही. चुकीचा अर्थ एकदा प्रार्थनेत मोठ्याने बोलला गेला की तो मनात घट्ट बसतो. मग 15 मिनिटांत निघत नाही. वाचनाआधी दोन मिनिटं पार्श्वभूमी हवीच: कोण, कुणाला, याआधी काय घडलं, नाण्याची किंमत किती. तेवढंच. सांगणारा 'याचा अर्थ असा' म्हणू लागला की त्याला तिथंच थांबवा.