घरी उघडलेलं ११० सीसी एटीव्हीचं इंजिन चोकशिवाय चालत नाही. दोन हजारांत आधी काय घ्यावं?

गाढीकाठ:
नमस्कार मंडळी. राहतो खारघरला, नेऱ्याला (पनवेल) थोडी जागा आहे. तिथे शेणखत, पाइप, आंब्याच्या पेट्या ओढायला एक सेकंडहँड चायना एटीव्ही (जाड टायरची चारचाकी बाइक) घेतली आहे. ११० सीसी, एअरकूल्ड, कार्ब्युरेटरवाली, सेल स्टार्ट. धूर फारच मारायला लागली म्हणून इंजिन उतरवून सोसायटीच्या स्टिल्टमध्ये स्वतःच उघडलं. (सेक्रेटरींचं पत्र आलंय, तो वेगळ्या धाग्याचा विषय.) तुर्भ्याला बोअर मारून घेतला, ०.५० ओव्हरसाइझ पिस्टन, नव्या रिंगा, व्हॉल्व्ह घासून बसवले. व्हॉल्व्ह सील आणि पॅकिंग सेट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून.

आता गत अशी: चोक ओढला की सेलवर लगेच सुरू. चोक सोडला की आचके देऊन बंद. चोकवरच रेस केली तर कार्ब्युरेटरमधून फटाके. थोडा वेळ चालली की सायलेन्सरचा पाइप हेडपाशी लाल होतो, अंधार पडल्यावर स्पष्ट दिसतो. धूर मात्र अजिबात नाही.

बजेट दोन हजार. आधी काय घेऊ? नवा कार्ब्युरेटर, सीडीआय (स्पार्क सोडणारा डबा), की कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं घड्याळ)? पावसाच्या आत खत ओढून व्हायला हवंय.

वाशीचा_बुलेटवाला:
कार्ब्युरेटर. डोळे झाकून. माझ्या बुलेटला सेम टू सेम झालं होतं. सगळे मेकॅनिक टायमिंग टायमिंग करत बसले, मी सरळ इंपोर्टेड कार्ब्युरेटर टाकला. साडेआठ हजार गेले, पण आजतागायत कंप्लेंट नाही. स्वस्तातला घेऊ नका.

कर्जत_डर्ट:
एवढी मरमर कशाला? अख्खं नवं १२५ सीसी इंजिन मिळतं. वीस हजारांच्या आसपास पडेल, चार बोल्ट सोडले की बदललं. आमच्या रिसॉर्टवर आम्ही तेच करतो. चायना इंजिन रिपेअर करायचं नसतंच.

गाढीकाठ:
दोन हजार म्हटलंय हो.

नाना_कळवा:
कार्ब्युरेटर न् फार्ब्युरेटर नंतर. आधी टायमिंग (व्हॉल्व्ह आणि स्पार्कची वेळ) बघा. हे इंजिन म्हणजे स्प्लेंडरचा चुलतभाऊ आहे, आडवा सिलिंडर, तीच कॅमचेनची (व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवते ती साखळी) रचना. ज्याने १९८५च्या हीरो होंडा सीडी १००पासून ही इंजिनं उघडली आहेत त्याला यात नवीन काही नाही. मॅग्नेटवर दोन खुणा असतात, एक टी आणि एक एफ. टी म्हणजे पिस्टन वर. एफ म्हणजे स्पार्क पडायची जागा, ती टीच्या अलीकडे येते. घरी काम करणारे हटकून एफ जुळवतात, मग कॅमचेन एक दात इकडे-तिकडे होते. टी जुळवा, कॅमच्या दातऱ्यावरची खूण हेडच्या खाचेसमोर आली पाहिजे आणि दोन्ही टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे) सैल लागले पाहिजेत. टॅपेट गॅप ०.०५ मिमी, इंजिन थंड असताना. गरम इंजिनवर सेट केलात तर उपयोग नाही. मॅग्नेट काढला होता का? त्याची अर्धगोल चावी दबली असेल तर स्पार्क भलत्या वेळी पडतो, त्यानेही पाइप लाल होतो.

कर्जत_डर्ट:
स्प्लेंडरचा भाऊ असेल तर स्प्लेंडरचा पिस्टनच टाकायचा ना. कुठेही मिळतो.

नाना_कळवा:
नाही बसत. स्प्लेंडरचा बोअर ५० मिमी, याचा ५२.४. स्ट्रोक दोघांचा ४९.५. म्हणून स्प्लेंडर ९७.२ सीसी आणि हे ११० म्हणून विकतात ते भरतं १०७ला जरा कमी. आणि त्यांनी पिस्टन आधीच टाकलाय, वाचा तरी.

हिशेबी_माणूस:
या सगळ्याचं मूळ होंडाच्या १९५८च्या सुपर कब या छोट्या बाइकमध्ये आहे. त्यावेळी होंडाने...

जुनी_बाईक_प्रेमी:
१९५८ची कब पुशरॉडची होती, ४९ सीसी. तिला कॅमचेन नव्हतीच. ओव्हरहेड कॅमचं आडवं इंजिन नंतर आलं. अर्धवट माहिती पसरवू नये.

हिशेबी_माणूस:
मूळ म्हटलं, कॅमचेन कुठे म्हटलं? असो.

ट्रेल_ठाणेकर:
गेज घ्या. आठशे-हजारात मिळतो, जन्मभर कामाला येतो. माझ्याकडे तीन आहेत. कॉम्प्रेशन न बघता बाकी सगळं म्हणजे अंधारात दगड. १२० पीएसआयच्या खाली आलं तर चमचाभर ऑइल प्लगच्या भोकातून टाका आणि पुन्हा बघा. वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह. प्लग सी७एचएसए लावा, गॅप ०.६ ते ०.७ मिमी. आणि ऑइल फुल सिंथेटिक घाला.

नाना_कळवा:
नव्या रिंगांवर सिंथेटिक? आधी साधं मिनरल घालून रिंगा बसू देत.

ट्रेल_ठाणेकर:
नाना, तो जमाना गेला. हल्ली कंपनीतूनच कित्येक गाड्या सिंथेटिकवर येतात.

(यानंतर ऑइलवर आठ-दहा प्रतिसाद झाले. ते दुसऱ्या धाग्यावर हलवले आहेत. – व्यवस्थापक)

मृदुला_ऐरोली:
लक्षणं नीट वाचा हो कोणीतरी. चोक लावला की चालते, काढला की बंद, रेसला फटाके, पाइप लाल, धूर नाही. चोक म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. म्हणजे चोकशिवाय हिला हवा जास्त मिळतेय. इंजिन कुठूनतरी एअर घेतंय, नाहीतर स्लो जेट (आयडलला पेट्रोल देणारं बारीक भोक) चोंदलंय. कार्ब्युरेटर आणि हेड यांच्या मध्ये तो वाकडा ॲल्युमिनियमचा पाइप आणि काळी बॅकेलाइटची चकती असते ना, त्यात पातळ ओ-रिंग बसते. पॅकिंग सेटमध्ये ती बऱ्याचदा येतच नाही, किंवा येते ती बारीक. जुनी काढली आणि नवी नाही असं झालंय का?

एक पैसाही खर्च न करता बघता येतं. इंजिन थंड असताना चोकवर सुरू करा, साबणाचं पाणी स्प्रेच्या बाटलीतून त्या जॉइंटवर मारा. आवाज बदलला, आचका बसला किंवा क्षणभर सुधारला, तर तिथेच गळती.

डोंगर_दादा:
पाणी कशाला, सिरिंजने पेट्रोल मारा. पटकन कळतं. आम्ही असंच करतो.

मृदुला_ऐरोली:
दादा, त्यांचा पाइप लाल होतोय. लाल पाइपवर पेट्रोल? प्लीज हे कोणी करू नका.

डोंगर_दादा:
आम्हाला कधी काही झालं नाही.

वाशीचा_बुलेटवाला:
शेवटी जेट चोंदलं काय, ओ-रिंग काय, कार्ब्युरेटरच ना? मी तेच म्हणत होतो.

गाढीकाठ:
अपडेट देतो. गेज शेजारच्या बिल्डिंगमधल्या एकाकडून मागून आणला. पहिल्यांदा ८० आला, पोटात गोळाच आला.

ट्रेल_ठाणेकर:
थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून सेल मारला का? बंद ठेवला तर हवा आतच जात नाही, आकडा कमीच येणार. आणि बॅटरी उतरलेली असेल तरी कमी दाखवतो.

गाढीकाठ:
उघडा ठेवून १५०. म्हणजे रिंगा-व्हॉल्व्ह ठीक दिसतात. नाना, टी खूण जुळतेय, एफ नव्हे. दातऱ्याची खूणही बरोबर समोर. टॅपेट एक जरा टाइट होता, ०.०५ केला. चावी शाबूत.

साबणाचं पाणी मारलं. हेडच्या बाजूला काही नाही. कार्ब्युरेटरच्या बाजूला मारल्यावर इंजिन एकदम शुद्धीवर आलं, पाणी उडालं की परत आचके. चकती काढून बघितली. ओ-रिंग आहे, पण चपटी होऊन खाचेच्या खाली गेलीय. आणि कार्ब्युरेटरची पट्टी (पाइपला बोल्टांनी बसते ती सपाट बाजू) काचेवर ठेवली तर मधोमध टेकते आणि दोन्ही कान वर. खालून उजेड दिसतो.

मृदुला_ऐरोली:
मिळालं की! जुन्या मालकाने सहा एमएमचे ते दोन बोल्ट जोर लावून आवळले असणार, त्याने कान वाकतात. नवा कार्ब्युरेटर नको. जाड काच घ्या, त्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून ठेवा, पट्टी आठच्या आकड्यात घासा. सगळीकडे सारखा घासा उमटला की थांबा. नवी ओ-रिंग दहा-वीस रुपयांना कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळेल, जुनी सोबत न्या, खाचेपेक्षा किंचित वर राहिली पाहिजे. बोल्ट दोन्हीकडून थोडे थोडे, बेताने आवळा. हाताशी आहात तर स्लो जेटमधून हवा मारून घ्या.

नाना_कळवा:
+१. ताई बरोबर सांगतायत. ही पट्टी घासायची कामं आम्ही रोज करतो. पन्नास रुपयांत काम.

ट्रेल_ठाणेकर:
+१. पण गेजमुळे दिशा कळली हेही नोंदवा.

जुनी_बाईक_प्रेमी:
+१. पॉलिश पेपर ४००पेक्षा ६०० बरा.

कर्जत_डर्ट:
बघा, नवं इंजिन घेतलं असतं तर त्यासोबत मेनिफोल्ड (तो वाकडा पाइप) नवाच आला असता.

गाढीकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार, मृदुलाताईंचे विशेष. तरीही मी सीएसटी रोडवर जाऊन कार्ब्युरेटर, वाकडा पाइप, चकती, ओ-रिंग असा अख्खा सेटच घेऊन आलो. घासाघीस करून १,१५० रुपये. खताचा टेम्पो सांगून ठेवलाय, घासत बसायला सवड नाही आणि स्टिल्टमध्ये परत पसारा काढला तर सेक्रेटरी मला सोसायटीतून काढतील. लावला, एअर स्क्रू थोडा फिरवावा लागला. आता चोकशिवाय इंजिन थंड असतानाही आयडल धरते, पाइप लाल होत नाही. रेस सोडली की मागून बारीक फटफट होते, तेवढं चालतं मला.

मृदुला_ऐरोली:
दहा रुपयांच्या ओ-रिंगऐवजी अकराशे पन्नास. तुमचे पैसे, तुमची मर्जी. पण नव्या पट्टीचे बोल्ट तरी बेताने आवळलेत ना?

गाढीकाठ:
आवळलेत. बेताने.

वाशीचा_बुलेटवाला:
पहिलाच प्रतिसाद माझा होता. कार्ब्युरेटर. बाकी चर्चा वाचून पाहावी.

नाना_कळवा:
ती मागची फटफट सायलेन्सरच्या पॅकिंगमधून हवा घेत असेल, हेडपाशी दोन नट आहेत ते बघा. आता दोन-चार वेळा गरम-थंड होऊ दे, मग पूर्ण थंड असताना हेडचे नट आणि टॅपेट परत तपासा, नव्या पॅकिंगवर ते सैल पडतातच. पहिलं ऑइल लवकर काढून टाका, त्यात रिंगांचा चकचकीत बारीक चुरा दिसेल, घाबरू नका. आणि नेऱ्यातून पनवेलला चालवत आणू नका, रोडवर तिला नोंदणी नाही. टेम्पोत घाला.

डोंगर_दादा:
आतल्या रस्त्याने कोण अडवतंय.

नाना_कळवा:
अडवल्यावर मला फोन करू नका म्हणजे झालं.

जुनी_बाईक_प्रेमी:
@गाढीकाठ, जुना कार्ब्युरेटर टाकू नका. मी घासून घेईन पट्टी, ६००ने. नेरुळहून येऊन घेऊन जातो. काय द्यायचे बोला.

मृदुला_ऐरोली:
मी आधी विचारणार होते.