अखाजी झाली, आता कानबाई आमच्याकडे. घर, चेहरा आणि जीव, तिन्ही उतरलेत. सुरुवात कुठून करू? (जळगाव)

पारोळ्याची_लेक

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले होते. अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला. मी बसायला गेले तर वहिनी माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. म्हणे, "बाई, बिमार व्हती का वं?"

आजारी नव्हते. नुसती जळगावात होते.

तर मंडळी, वय ४१, मुलं दोन, घर कॉलनीतलं, वर एक खोली. ती खोली मार्चपासून भट्टी. बोअरच्या पाण्याने केसांचा काथ्या झालाय, बादलीला आतून पांढरा थर बसतो तसा डोक्यालाही बसत असावा. दोन्ही गालांवर वांगाचे डाग आलेत. भिंतींना रंग देऊन सात वर्षं झाली, हॉलमधला पोपडा मुलगा येता-जाता नखाने सोलतो.

आणि यंदा कानबाई, आपली खानदेशची श्रावणातली देवी, आमच्या घरी बसणार. माझ्या हातची पहिलीच. भाऊबंदकी सगळी येणार, ५०-६० माणूस सहज.

बजेट सगळं मिळून ४० हजार. एसी घ्या असं सांगू नका, तो सल्ला नवऱ्याने देऊन झालाय. आधी काय करू, नंतर काय, आणि काय करूच नको?

भुसावळी_भट्टी

ताई, भिंतींकडे बघूच नका अजून. आधी गच्ची.

वरच्या खोलीची भट्टी भिंतींमुळे होत नाही, स्लॅबमुळे होते. दिवसभर स्लॅब तापतो आणि रात्री तेच ऊन खाली सोडतो, म्हणून रात्री ११ला पंखा लावला तरी वरून गरम वाराच येतो. आम्ही भुसावळकर यात डॉक्टरेट आहोत. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की टीव्हीवर आमच्या गावाचं नाव येतं, बाकी वर्षभर फक्त जंक्शन म्हणून.

गच्चीला चुना मारा. आमची ६०० फुटांची गच्ची आहे, १० किलोच्या दोन पिशव्या चुनकळी (न विझवलेला चुना) लागली. आदल्या संध्याकाळी लोखंडी ड्रममध्ये भिजवायची. प्लास्टिकची बादली घेऊ नका, चुनकळी पाण्यात पडली की खदखदा उकळते, आमची पहिली बादली बुडाशी वाकली होती. आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी चुनकळी, उलटं करायचं नाही. पोरांना लांब ठेवा, डोळ्याला चष्मा, हाताला रबरी मोजे. सकाळी जुन्या साडीच्या कापडातून गाळा, पाव किलो फेव्हिकॉल कालवा म्हणजे पायाला पांढरं लागणं कमी होतं. गच्ची झाडून, धुऊन, ओलसर असतानाच लांब दांड्याच्या झाडूने पहिला हात. दुसरा हात दुसऱ्या दिवशी, पहिल्याच्या आडवा. सगळं सकाळी आठच्या आत उरका, नाहीतर चुना सुकतो आधी आणि आपण नंतर.

माझ्याकडे साधं भिंतीवरचं तापमापक आहे. दुपारी तीनला वरच्या खोलीत तीन-साडेतीन अंशांचा फरक दिसला. एसी नाही झाला, पण माणूस बसू शकतो. पावसात चुना थोडा धुऊन जातो, म्हणजे हे काम दरवर्षी. खरी वेळ फाल्गुनातली, तुम्हाला उशीर झालाय, पण वैशाख पूर्ण बाकी आहे.

भुसावळी_भट्टी

विसरलो. कूलर असेल तर गवताच्या जाळ्या बदला. बोअरच्या पाण्याने त्या दगड होतात, हवा आत जातच नाही. आणि कूलर लावून समोरची खिडकी बंद करणारे महाभाग आमच्या घरातही आहेत. हवा बाहेर जायला वाट नसेल तर कूलर फक्त दमटपणा करतो. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासा, डासांची अंडी कडेला चिकटलेली असतात.

पांझराकाठचा

चुन्याला माझं अनुमोदन. पण रंगाबद्दल वेगळं मत आहे, दादा म्हणतात तसं "बघूच नका" असं नको.

आमच्या धुळ्यात दर वर्षी एकच तमाशा. कानबाई श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी. मग घरोघरी आषाढात जाग येते आणि रंगारी मिळवायला मारामारी. भिंत ओली, हवा ओली, त्यावर घाईने रंग. आरतीच्या दिवशी चकाचक, दिवाळीला फुगे. ताई, रंग आत्ताच द्या. वैशाखात भिंत आतून कोरडी असते, एवढी कोरडी पुढच्या वर्षापर्यंत मिळणार नाही. फक्त दुपारी काम नको. तापलेल्या भिंतीवर रंग पाणी सोडण्याआधीच सुकतो आणि पावडरसारखा हाताला येतो.

आणखी एक. तुमचं घर काळ्या मातीवर आहे का? बहुतेक असणारच. उन्हाळ्यात काळी माती आक्रसते, घराच्या कोपऱ्यांना तिरप्या भेगा पडतात, पावसात माती फुगली की त्याच भेगा मिटतात. रंगारी त्यात सिमेंट ठोसून देतो, पुढच्या एप्रिलला भेग शेजारून निघते. ताणली जाणारी, रबरासारखी भरणी दुकानात मिळते, ती मागा. आणि भेगेत बोट जात असेल तर रंगाऱ्याला नाही, इंजिनिअरला दाखवा.

हॉलला गडद रंग देऊ नका. मी निळा दिला होता. घर आहे की थेटर, असं सासरे रोज विचारतात.

रावेरची_वहिनी

केसांवर मी बोलते, कारण मी भोगलंय.

आमच्याकडे केळी म्हणजे घरचंच पीक. कुठेतरी वाचलं की पिकलं केळं केसांना लावलं की रेशीम होतं. घरात केळ्यांचे लंगर (घड) पडलेलेच. चार केळी हाताने कुस्करली, वर मध, डोक्याला थापून तासभर बसले. धुवायला गेले आणि बाई गं. केळ्याचे बारीक दोरे केसांत असे अडकले की नळाखाली अर्धा तास उभी होते. त्यात नळ चार दिवसांआड येणारा. साठवलेलं निम्मं पाणी माझ्या डोक्यावर गेलं. संध्याकाळी वाळल्यावर तांदळाच्या कण्या पडाव्यात तसं खांद्यावर पडायला लागलं. रात्री उशीला मुंग्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या हसल्या, ते जास्त लागलं.

तर केळं खा. लावायचंच असेल तर मिक्सरमधून काढून मलमलच्या कापडातून गाळून, दह्यात मिसळून, वीस मिनिटं. त्याहून बरी कोरफड, पण पान कापल्यावर पंधरा मिनिटं उभं धरा. पिवळा चीक निघून जाऊ द्या, त्याने खाज सुटते.

तुमचा खरा प्रश्न पाण्याचा आहे. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून आपण शाम्पू जास्त ओततो, केस अजून कोरडे होतात. मी आठवड्यातून दोनदाच डोक्यावरून घेते, तेही नळाच्या साठवलेल्या पाण्याने, आणि शेवटच्या तांब्यात अर्ध्या लिंबाचा रस. दोन महिन्यांत फरक पडला. टोकाचे दोन इंच कापूनही टाका, मेलेला केस काही केल्या जिवंत होत नाही.

शहाद्याची_फार्मसी

वांगाबद्दल. (जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, गालावरच्या वांगाला मात्र कुणी विचारत नाही.)

मी मेडिकल चालवते. रोज दोन-तीन बायका येतात आणि मैत्रिणीच्या मोबाइलमधला एका ट्यूबचा फोटो दाखवतात, "हीच द्या". त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉईड असतं. पंधरा दिवस चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाली येते, बारीक फोड येतात आणि बंद केली की डाग दुपटीने. मी चिठ्ठीशिवाय देत नाही. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, माझा इलाज नाही.

ताई, लिंबू, बेसन, मुलतानी माती हे वैशाखात चेहऱ्यावर नको. लिंबू लावून उन्हात गेलात तर डाग वाढतील. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा वरचं, निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं, बोटाच्या दोन पेरांएवढं नाही, दोन पूर्ण बोटांएवढं. बाहेर असाल तर दोन तासांनी परत. स्कूटरवर सुती ओढणी बांधाच, पण पातळ ओढणीतून ऊन येतं, म्हणून दुहेरी. आणि एकदा त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. वांग गोळ्यांमुळे, हार्मोनमुळेही येतो, नुसत्या उन्हाने नाही. गोरं व्हायचं सोडून द्या. डाग फिके होणं आणि गोरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अमळनेरकर_७२

खिशात कांदा ठेवत जा. आमच्या वडिलांनी आयुष्यभर ठेवला, एकदा ऊन लागलं नाही.

शहाद्याची_फार्मसी

काका, कांदा ठेवा, भाकरीबरोबर खायला कामाला येईल. पण भरवसा पाण्यावर. एक लिटर पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. पन्हं, ताकही चालेल. माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलं, तर कांदा हुंगवत बसायचं नाही. सावलीत घ्या, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि दवाखान्यात पळा.

अमळनेरकर_७२

बरं. दोन्ही ठेवतो.

असोद्याची_काकू

बाय, मी सगळं वाचलं. सगळे बरोबर सांगतात. पण तुझ्या प्रश्नात तीन गोष्टी होत्या, तिसऱ्याला कुणी हात लावला नाही.

तू कॉलनीत राहतेस. दारं बंद, कूलर चालू, दिवसभर मोबाइल. बरोबर ना? माझी सूनही अशीच होती.

बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करतेस का? आमच्या गल्लीत आठ बायका मिळून करतो. ज्वारी तीन दिवस भिजवलेली, दळलेली. पहाटे साडेचारला चूल पेटते. एक जण पीठ हाटते, ते सोपं काम नाही, दोन हातांनी दांडा धरून हाटावं लागतं, नाहीतर गाठी होतात. लसूण, तीळ, जिरं, तिखट. पीठ शिजलं की आधी खायचं. गरम गोळा थाळीत, मध्ये खळगा, त्यात कच्चं तेल. मग गच्चीवर ओलं धोतर अंथरायचं आणि हात पाण्यात बुडवून एकेक बिबडा थापायचा. सूर्य वर येईपर्यंत धोतर भरलेलं असतं आणि सगळ्यांच्या सगळ्या बातम्या संपलेल्या असतात. सातला घरी. तेवढ्यात अंगाला घाम, कोवळं ऊन, पोटात गरम, आणि सासूला नावं ठेवून झालेली. याला तुम्ही काय म्हणता, वेलनेस?

आणि कानबाईला रोटांचा नैवेद्य तू एकटी करणार आहेस का? घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजायचे, दळायचे, रात्रभर जागरण, सोमवारी विसर्जन. आजपासून चार बायका जोडल्या नाहीत तर श्रावणात भिंती चकाचक आणि तू झोपलेली.

मेहरुण_वॉकर

काकूंना दंडवत.

माझं छोटंसं. सकाळी साडेपाचला मेहरुण तलावावर या. सातनंतर आलात तर उपयोग नाही, फक्त गर्दी आणि ऊन. रविवारी मुलांना घेऊन जैन हिल्सवर गांधीतीर्थ, म्हणजे गांधीजींवरचं संग्रहालय, २०१२ला सुरू झालंय, झाडी आहे आणि आत दुपारीही गार असतं. पाटणादेवी आणि तोरणमाळ आत्ता नको, पाऊस पडल्यावर. उनपदेवचे गरम झरे तर जानेवारीशिवाय नकोच. आमचे एक पाहुणे मे महिन्यात गेले होते, कशासाठी ते अजून कळलेलं नाही.

पारोळ्याची_लेक

सगळ्यांना उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, माफी.

गच्चीला चुना झाला. नवरा आणि मुलगा दोघांनी मारला. मुलाने पायरीकडून सुरुवात केली आणि शेवटी टाकीपाशी अडकला, चुना सुकेपर्यंत पाऊण तास तिथेच बसून होता. तापमापक नाही, पण सासरे दुपारी वर जाऊन झोपायला लागलेत, मला तेवढं पुरे.

रंग हॉल आणि देवघरापुरता, फिका पिवळा. भेगेत बोट गेलं नाही, नख गेलं. रबरासारखी भरणी भरून घेतली. केस दोन नाही, चार इंच कापले. पार्लरवालीने "मॅडम, केळ्याचा पॅक करू का?" विचारलं आणि मी एवढी हसले की ती घाबरली. वांगासाठी डॉक्टरांनी मलम दिलंय, तीन महिने म्हणाले, म्हणजे कानबाईपर्यंत पूर्ण जायचा नाही. असू दे. २९ हजार गेले, बाकीचे कानबाईला ठेवलेत.

आणि काकू, तुमचं वाचून मी शेजारच्या तीन दारांवर टकटक केलं. सात वर्षांत दोघींची नावंही नीट माहीत नव्हती. एक साक्रीची निघाली, एक चोपड्याची. तिसरी बऱ्हाणपूरची, तिने बिबडे कधी केले नव्हते, पण पीठ सगळ्यात जास्त तीच हाटत होती. आमचे पहिले बिबडे जाड झालेत, तळले की मध्ये कच्चे राहतात. पाणी कमी पडलं की पीठ कमी शिजलं?

असोद्याची_काकू

पीठ कमी शिजलं. चमच्यावरून घसरून पडायला पाहिजे, चिकटून राहायला नको. उरलेलं पीठ असेल तर फेकू नको, पुढच्या खेपेला मला फोटो टाक, पहाटेच.