सॉ सेन्सरना ओळखायचं कशावरून: फ्रिक्वेन्सी की कोड?

बसबारवाला
विजेच्या पॅनेलमध्ये बसबारचं, म्हणजे वीज वाहणाऱ्या जाड धातुपट्टीचं, तापमान बघायला सॉ सेन्सर लावतात, म्हणजे स्फटिकाच्या पृष्ठभागावरच्या ध्वनिलहरीवर चालणारे. बॅटरी नाही, सिलिकॉनची चिप नाही. रीडरची, म्हणजे सेन्सर वाचणाऱ्या यंत्राची, रेडिओ लहर स्फटिकावर ध्वनिलहर होते आणि पुन्हा रेडिओ होऊन परतते. गोची अशी की ‘तू थांब, आधी त्याला बोलू दे’ हे यांना सांगता येत नाही. हाक मारली की सगळे एकदम ‘ओ’ देतात. माझं मत: प्रत्येकाला वेगळी फ्रिक्वेन्सी द्या. कोडबिड प्रबंधापुरते.

लहरी_माणूस
प्रबंधापुरते? या सेन्सरना मिळणारी रेडिओ पट्टी 433.05 ते 434.79 मेगाहर्ट्झ, म्हणजे उणीपुरी 1.74 मेगाहर्ट्झची. तापल्यावर फ्रिक्वेन्सी सरकते, त्यासाठी प्रत्येकाला 300 किलोहर्ट्झ धरा. पाच सेन्सरमध्ये दुकान बंद. तीन फेजचे येणारे-जाणारे जोडच सहा होतात!
सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठात डोनाल्ड मालोचा यांच्या गटानं ऑर्थोगोनल फ्रिक्वेन्सी कोडिंगवर काम केलंय. स्फटिकावर ओळीनं परावर्तक, प्रत्येकाची फ्रिक्वेन्सी निराळी, आणि त्यांचा क्रम हीच सेन्सरची ओळख. परावर्तक आपली फ्रिक्वेन्सी परतवतो, बाकीच्या बऱ्याचशा पुढे जाऊ देतो, म्हणून मागच्यांच्या वाट्यालाही ताकद उरते. शिवाय सगळे सेन्सर सगळी पट्टी वापरतात.

बसबारवाला
कागदावर झकास. पण परतणारा सिग्नल अंतराच्या चौथ्या घातानं घटतो. एक सेन्सर 1 मीटरवर, दुसरा 3 मीटरवर, की दुसरा 81 पट क्षीण. कोड एकमेकांपासून शंभर टक्के वेगळे कधीच नसतात. ताशाशेजारी उभं राहून सनई ऐकून दाखवा.

उशिराची_गाडी
मग ताशा थांबल्यावर सनई वाजू द्या की! लिथियम निओबेटच्या स्फटिकावर लहर सेकंदाला साधारण 4 किलोमीटर जाते. जाऊन-येऊन 1 मायक्रोसेकंदाचा उशीर हवा, तर 2 मिलिमीटर स्फटिक पुरतो. प्रत्येक सेन्सरला वेगळा उशीर द्या, आणि त्याच्या आत परावर्तकांच्या जागांवरून कोड वाचा.

बसबारवाला
तापल्यावर काय? उशीर अंशाला दशलक्षात सुमारे 75 भाग बदलतो, 100 अंशांना 0.75 टक्के. 2 मायक्रोसेकंदांवर 15 नॅनोसेकंद. 2.4 गिगाहर्ट्झच्या 80 मेगाहर्ट्झ पट्टीत परावर्तकाच्या जागेचं एक घर 12.5 नॅनोसेकंदांचं, म्हणजे तो शेजारच्या घरात सरकला. तापमान सांगणारा पठ्ठ्या तापल्यावर स्वतःचं नावच बदलतो!

उशिराची_गाडी
पहिल्या आणि शेवटच्या परावर्तकातलं अंतर सर्व सेन्सरमध्ये सारखं ठेवायचं. सगळी अंतरं एकाच प्रमाणात ताणतात, त्यामुळे मधल्यांच्या अंतरांचं त्याच्याशी गुणोत्तर हलत नाही. नाव गुणोत्तरातून, तापमान त्या ताणातून.

बसबारवाला
गुणोत्तराचं पटलं, चूक माझी. पण उशीर वाढला की स्फटिक लांबतो, लहर वाटेत दमते आणि खर्च चढतो. माझ्या पॅनेलचे कप्पे पोलादी आहेत. कप्प्यागणिक एक अँटेना लावून, तिची पाळी आली की तेवढेच तीन सेन्सर विचारतो. पलीकडच्या कप्प्यात त्याच तीन फ्रिक्वेन्सी परत.

लहरी_माणूस
म्हणजे पोलादी भिंतीनं कोडिंग करताय. टाकीत किंवा उघड्या यार्डात भिंत कुठून आणणार?