डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं सगळ्या रहिवाशांना सरकारी खर्चातून मिळावीत का?

उत्सुक_वाचक:
जाणकारांनी प्लीज नीट सांगा. बऱ्याच देशांत ॲडमिट असेपर्यंत औषधं सरकारी योजनेत बसतात आणि डिस्चार्ज मिळाला की तीच गोळी स्वतःच्या खिशातून. मला हे कधी पटलंच नाही, कारण बीपी, शुगर, दमा, थायरॉईड हे सगळं घरी गोळ्या घेऊनच सांभाळायचं असतं ना. मग योजना वाढवायची तर सगळ्यांसाठी की फक्त गरिबांसाठी? आणि फुकट मिळालं की लोक उगाच औषधं घेतात म्हणतात, त्यात कितपत तथ्य आहे?

औषधांच्या_काउंटरवरून:
मी फार्मसीत काम करते म्हणून शेवटच्या प्रश्नाबद्दल बोलते. शुगरची गोळी हौस म्हणून कोणी घेत नाही हो. उलट बिल बघून माणूस हळूच विचारतो, यातली कुठली एक आत्ता नाही घेतली तर चालेल? आणि बहुतेकदा सुटते ती बीपीची नाहीतर कोलेस्टेरॉलची, कारण ती सोडली तर लगेच काही दुखत नाही. पुढे स्ट्रोक येतो, किडनी जाते, मग ॲडमिट केल्यावर त्याच्या कितीतरी पट खर्च सरकारच करतं. अमेरिकेत 1970 च्या दशकात रँड संस्थेने मोठा प्रयोग सुरू केला होता, लोकांना बिलातला हिस्सा भरायला लावला की काय होतं ते बघायला. खर्च कमी झाला खरा, पण लोकांनी गरजेचे आणि बिनगरजेचे दोन्ही उपचार कमी केले. कुठलं गरजेचं हे पेशंटला कसं कळणार, त्यासाठीच तर तो डॉक्टरकडे गेला होता!!

हिशोब_आधी:
पटतंय, पण पैसा कुठून आणणार? कॅन्सरची नवी औषधं केवढी महाग असतात. कॅनडाचं बघा, 1964 मध्येच तिथल्या सरकारने आरोग्यसेवेवर नेमलेल्या हॉल आयोगाने औषधं सरकारी योजनेत घ्या म्हणून सांगितलं होतं आणि देशपातळीवर फार्माकेअर (म्हणजे सरकारी खर्चातून औषधं) कायदा आला थेट 2024 मध्ये, तोही सुरुवातीला फक्त मधुमेहाची औषधं आणि गर्भनिरोधकं एवढ्यापुरता, आणि प्रांताने केंद्राशी करार केला तरच. म्हणून मी म्हणतो ज्यांना नोकरीतून विमा आहे त्यांना राहू द्या तसंच, बाकीच्यांना द्या.

उत्सुक_वाचक:
पण नोकरी गेली की विमा पण गेला ना? आजारपणामुळेच नोकरी सुटली असेल तर?

एक_यादी_एक_खरेदी:
हाच तर मुद्दा आहे. फक्त गरिबांना म्हटलं की उत्पन्नाचे दाखले आले, आणि मर्यादेच्या जरा वर असणारा कायम बाहेर. वेल्सने 2007, उत्तर आयर्लंडने 2010 आणि स्कॉटलंडने 2011 मध्ये प्रिस्क्रिप्शनची फी (म्हणजे औषध घेताना पेशंटने भरायची ठरावीक रक्कम) सगळ्यांनाच माफ केली, इंग्लंडमध्ये ती अजून आहे, सवलती बऱ्याच असल्या तरी. पैशाचं म्हणाल तर न्यूझीलंडची फार्मॅक ही सरकारी औषध-खरेदी संस्था बघा, 1993 पासून सगळ्या देशासाठी एक यादी, ठरलेलं बजेट, टेंडर काढून खरेदी, त्यामुळे जेनेरिक औषधं खूप स्वस्तात पडतात. तोटाही आहे, नवी महागडी औषधं यादीत यायला उशीर होतो आणि पेशंट लोकांना त्यासाठी भांडावं लागतं, हे लपवण्यात अर्थ नाही. तिथे 2023 च्या जुलैत प्रिस्क्रिप्शनमागची 5 डॉलरची फी काढली आणि पुढच्याच जुलैत बऱ्याच लोकांना परत लावली, म्हणजे एकदा मिळालं की कायमचं असंही नाही. माझ्या मते जागतिक आरोग्य संघटनेची आवश्यक औषधांची यादी 1977 पासून आहेच, तशी आपापली यादी करा, त्यातलं सगळ्यांना शून्य फीमध्ये द्या आणि महागड्या नव्या औषधांचा निर्णय वेगळा घ्या.

हिशोब_आधी:
यादी आधी आणि फी शून्य, हे असेल तर माझा विरोध नाही. फक्त यादी कोण करणार, कंपन्यांचा दबाव येणार नाही हे कोण बघणार, ते कायद्यातच लिहायला पाहिजे.

औषधांच्या_काउंटरवरून:
बरोबर. आणि यादीत इन्सुलिन घातलं तर सुया आणि शुगर तपासायच्या पट्ट्या पण घाला, नाहीतर इन्सुलिन फुकट मिळूनही डोस अंदाजाने घ्यावा लागतो.