रोज एक छायाचित्र: आपल्या शिवाराचे, जनावरांचे, गावाचे

माणदेशी वाट:

परवा घराला रंग देण्यासाठी कपाट रिकामे करताना जुनी हार्ड डिस्क हाती लागली आणि तिच्यात मी पूर्णपणे विसरलेले एक वर्ष निघाले. माण तालुक्यातल्या एका वस्तीशाळेवर मी शिक्षिका होते आणि रोज अकरा किलोमीटर स्कूटरने जात असे. १ जून २०१८ रोजी मी ठरवले होते की या वाटेवर रोज एकदा थांबायचे आणि एक छायाचित्र काढायचे. एकच, आणि तेही साध्या मोबाइलवर. सुट्टीच्या दिवशी घराजवळच्या ओढ्यापर्यंत चालत जायचे, पण दिवस चुकवायचा नाही. ३१ मे २०१९ पर्यंतची तीनशे छप्पन्न छायाचित्रे निघाली. नऊ दिवसांची नाहीत, कारण त्या दिवसांत आई रुग्णालयात होती.

रात्री जेवणे झाल्यावर ती ओळीने पाहायला बसले. त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस राज्यात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यांत आमचा माणही होता. मी इतकी वर्षे समजत होते की दुष्काळ आम्हाला दिवाळीच्या सुमारास कळला. छायाचित्रांत तो ऑगस्टपासूनच स्पष्ट दिसतो. रस्त्याच्या वळणावरच्या शेतातली बाजरी तेव्हा गुडघ्याच्या वर गेलेली नाही, विहिरीच्या आतल्या भिंतीवर ओलाव्याची रेघ दर आठवड्याला खाली सरकली आहे आणि सप्टेंबरमध्येच मेंढपाळांचे एक बिऱ्हाड घोड्यावर संसार बांधून निघाले आहे. एरवी ती मंडळी दसरा-दिवाळीनंतर निघतात. हे सगळे मीच टिपले होते आणि मलाच दिसले नव्हते, कारण रोज पाहणाऱ्याला कालच्यात आणि आजच्यात फरक जाणवत नाही.

नंतरच्या महिन्यांत चारा छावणी आहे: हिरव्या जाळीच्या सावलीत दावणीला बांधलेली जनावरे, उसाच्या वाढ्यांचे भारे, आणि माझ्या वर्गातली तीन मुले तिथेच पाटी घेऊन बसलेली. त्यांचे आईवडील जनावरांबरोबर छावणीवरच राहायला गेले होते आणि मी शाळेच्या हजेरीपटावर त्यांची गैरहजेरी लावत होते. ते छायाचित्र पाहून मला रात्री झोप आली नाही.

आपल्यापैकी कोणी असे रोज छायाचित्र काढले आहे का? काय काढले, किती दिवस टिकले आणि मागे वळून पाहताना काय दिसले, ते कृपया लिहावे.

भीमेकाठ:

आमचे घर भिगवणच्या पुढे, उजनीच्या पाणलोटाला लागून आहे. मी चार वर्षे एकाच बांधावर उभा राहून रोज सकाळी छायाचित्र काढत आहे. बाहेरचे लोक इथे रोहित पक्षी पाहायला हिवाळ्यात येतात आणि दोन तासांत परत जातात. मला मात्र पाण्याची पातळीच अधिक बोलकी वाटते. पाणी हटले की गाळपेरावर हरभरा, मका आणि भाजीपाला उभा राहतो, पुन्हा चढले की तीच जागा कोळ्यांच्या होड्यांची होते. हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब एके दिवशी हरभऱ्याच्या कडेला उभे दिसतात आणि मार्चच्या सुमारास एका सकाळी ती जागा रिकामी असते.

पाणी फार खाली गेले की पळसदेवचे बुडालेले जुने मंदिर वर येते. एका उन्हाळ्यात मी ते शिखरापासून पायथ्यापर्यंत उघडे पडताना रोज टिपले आणि सारी छायाचित्रे आजीला दाखवली. धरणात गाव गेले तेव्हा ती तिशीत होती. तिने मंदिराकडे फारसे पाहिलेच नाही. चिखलात उघड्या पडलेल्या दगडांच्या एका ओळीवर बोट ठेवून ती म्हणाली, “हा आपला उंबरा नव्हे, हा शेजारच्यांचा. आपला याच्या डावीकडे.” मी पुढच्या दिवशी दहा पावले डावीकडे सरकून छायाचित्र काढले. ते आता तिच्या उशाशी आहे.

पहाटेची धार:

धार काढून झाली आणि हा धागा वाचला. माणदेशी ताई, तुमच्या शेवटच्या परिच्छेदावर काय बोलावे ते सुचत नाही. त्या मुलांची हजेरी तुम्ही आज मनात लावली आहे, एवढेच म्हणते. मला असे रोज काढायची फार इच्छा आहे, पण चौथ्या दिवशी विसर पडतो. लक्षात कसे ठेवता? आम्ही वर्धेकडचे, गोठ्यात सहा गायी आहेत, दिवस कसा सरतो ते कळत नाही.

माणदेशी वाट:

ताई, वेगळा वेळ काढायला गेलात तर जमणार नाही. रोज होणाऱ्याच एखाद्या कामाला ते जोडून द्या. मी वळणावर स्कूटरचा वेग कमी करत असे, तिथेच थांबत असे. तुमच्याकडे धार आहेच. दुधाची किटली खाली ठेवली की छायाचित्र, असे ठरवा.

तेरणेचा शेतकरी:

मी लातूर जिल्ह्यातला. आमच्याकडे देवणी बैलांची जोडी होती. मुलगी पुण्याला शिकायला गेली तेव्हा तिने सांगितले होते, “बाबा, रोज बैलांचा फोटो पाठवत जा.” त्यामुळे संध्याकाळी कडबा टाकताना मी एक काढून तिला पाठवत असे. वेळा अमावास्येला शेतात कडब्याची कोप करून आंबिल आणि भज्जी करतो, त्या दिवशी मात्र ती स्वतः येऊन काढत असे.

२०२२ च्या ऑगस्टअखेर पोळा झाला. त्या दिवशीच्या छायाचित्रात दोन्ही बैलांवर झूल आहे, शिंगांना बेगड आहे. नंतर दोन-अडीच आठवड्यांत डावीकडच्या बैलाला लम्पी झाला. डॉक्टरांनी विचारले, “गाठी कधीपासून आहेत?” मी म्हणालो, कालपासून. मुलीने फोनवरून आधीची छायाचित्रे मोठी करून पाहिली आणि सांगितले की मानेजवळच्या गाठी तीन दिवसांपूर्वीच्या छायाचित्रातही आहेत, आणि त्या दिवशी त्याने कडब्याला तोंड लावलेले दिसत नाही. मी त्याच्या समोर उभा होतो आणि मला ते दिसले नव्हते. बैल अकराव्या दिवशी गेला. आजार गावात पसरू नये म्हणून जनावरांचे बाजार बंद होते, त्यामुळे जोड मिळवण्याचाही प्रश्न नव्हता. उरलेल्याचे छायाचित्र मी काही महिने काढले नाही. एके दिवशी मुलीने विचारले, “दुसरा कसा आहे?” तेव्हा पुन्हा सुरू केले.

आता नवीन काही दिसले की मी आधी मागची छायाचित्रे पाहतो. ज्यांच्याकडे जनावरे आहेत त्यांनी हे अवश्य करावे. उजेडात, एकाच बाजूने आणि पूर्ण अंग दिसेल असे काढावे.

भीमेकाठ:

दादा, वाचून डोळे भरून आले. आमच्याही दावणीची एक गाय त्याच साथीत गेली. तिचे एकही छायाचित्र आमच्याकडे नाही.

सड्यावरचे गवत:

या धाग्यावर एक विनंती मनापासून करायची आहे. रोज काढायचे म्हटले की काही दिवसांनी नवीन विषयाची भूक लागते आणि मग पाय घरट्यांकडे वळतात. ते कृपया करू नये. टिटवी उघड्या माळावर खडकांतच अंडी घालते. बहुधा चार असतात आणि रंगाने खड्यांसारखीच असतात. एप्रिल-मेच्या उन्हात ती अंड्यांवर बसते ती त्यांना सावली देण्यासाठीही. आपण छायाचित्रासाठी दहा मिनिटे तिला उठवून ठेवले तर अंडी भाजतात. आमच्या भागातले जुने शेतकरी नांगरताना टिटवीची जागा सोडून तास वळवतात. त्यांच्या औतामागून जाऊन मी ते टिपले आहे: पूर्ण नांगरलेल्या काळ्या रानात टोपलीएवढा एक न नांगरलेला तुकडा. अंड्यांपेक्षा ते छायाचित्र मला मोलाचे वाटते.

दुसरी गोष्ट ठिकाणाची. पुण्याच्या पूर्वेकडच्या माळरानांवर लांडगे, खोकड, चिंकारा अजून आहेत. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य अवघे पाच चौरस किलोमीटरचे आहे, म्हणजे बाकीची जनावरे गायरानांवर आणि पडीक रानांवरच जगतात. एखाद्या बिळाचे छायाचित्र नेमक्या जागेसह सगळीकडे पाठवले की पुढच्या रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते. हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे आणि ते बीळ नंतर ओस पडले. फोनमधली ठिकाण नोंदवणारी सोय बंद ठेवावी आणि गावाचे नाव सांगू नये.

माणसांच्या बाबतीतही आधी विचारावे. मेंढपाळांचा वाडा, म्हणजे मेंढ्यांसह त्यांचा तळ, आमच्या शेतात खतासाठी बसतो. पहिल्या वर्षी मी न विचारता काढले तेव्हा तिथल्या मावशींनी पदर पुढे ओढला आणि पाठ फिरवली. मी माफी मागितली, पुढे विचारून काढले आणि त्यांना कागदावर छापून दिले. पुढच्या वर्षी वाडा आला तेव्हा त्यांनी पोतडीतून ते प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले छायाचित्र काढून दाखवले. त्यात त्यांच्या मांडीवर असलेला नातू आता कोकरे वळत होता.

दूरची डोंगरवाट:

मी नऊ वर्षांपासून इंग्लंडच्या उत्तरेकडे, यॉर्कशायरच्या डोंगराळ भागातल्या एका लहान गावात राहते. पहिल्या हिवाळ्यात दुपारी पावणेचारला सूर्य मावळत असे आणि मला घराबाहेर पाऊल टाकवत नसे. तेव्हा माहेरी रत्नागिरीला आईला दाखवण्यासाठी म्हणून रोज एक छायाचित्र काढायला लागले. इथे शेतांच्या सीमेवर दगड नुसते एकावर एक रचून कुंपणे घातलेली आहेत, चुना नाही, माती नाही. आईने पहिलेच छायाचित्र पाहून म्हटले, “अगो, हा तर आपला गडगा!” आमचा गडगा जांभ्याचा, इथला करड्या चुनखडकाचा, पण पावसाळ्यात पडलेला गडगा पुन्हा रचणाऱ्या माझ्या काकांची बसण्याची ढब आणि इथल्या शेजारच्या शेतकऱ्याची ढब अगदी एक आहे.

इथल्या स्वेलडेल मेंढ्यांचे तोंड काळे आणि नाकाकडे पांढरे असते, नर-मादी दोघांनाही शिंगे असतात. एप्रिलमध्ये कोकरे होतात तेव्हा शेतकरी रात्ररात्र झोपत नाहीत. मेंढीच्या आणि तिच्या कोकरांच्या अंगावर रंगाने एकच आकडा घालतात, म्हणजे चुकामूक झाली तरी कोणाचे कोण ते कळते. एका वर्षी ४१ आकड्याची कोकरे मी महिनाभर रोज टिपली. मेच्या हिमवृष्टीनंतर दोनांपैकी एकच उरले. मी शेजाऱ्यांना ते सांगायला गेले. त्यांना माहीत होते, पण कोणीतरी मोजत होते याचे त्यांना बरे वाटले. त्या दिवसापासून गावात मला नावाने हाक मारू लागले.

खाजनकाठ:

गोव्यातून लिहीत आहे. आमची खाजन शेती खाडीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. बांध आणि मानस, म्हणजे बांधातली पाण्याची झडप, यांच्या जिवावर ती टिकते. मानशीची लाकडी दारे भरतीच्या जोराने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. मी रोज सकाळी बरोबर सात वाजता त्या दारांचे छायाचित्र काढत असे आणि पहिल्या आठवड्यात गोंधळून गेलो, कारण एके दिवशी दार मिटलेले, तर काही दिवसांनी त्याच वेळी सताड उघडे. वडिलांनी समजावले की भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, त्यामुळे घड्याळ धरून खाडी पाहायची नसते, तिथी धरून पाहायची असते. पंधरा दिवसांची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवली तेव्हा ते नीट समजले.

त्याच मालिकेत बांधाला पडलेले एक छिद्रही आहे. पहिल्या दिवशी ते खेकड्याच्या बिळाएवढे आहे. बाराव्या दिवशी त्यातून पाण्याची धार आत येते आहे. आम्ही भाटकारांना, म्हणजे जमीनमालकांना, आणि कुळांना ती छायाचित्रे दाखवली, सर्वांनी मिळून चिखल आणि पेंढा घालून ते बुजवले आणि त्या वर्षीचे भात वाचले. शेजारच्या खाजनात तसे कोणी पाहिले नाही. तिथे खारे पाणी शिरले आणि आता कांदळवन उभे आहे.

सह्याद्रीची कूस:

घाईत एवढेच लिहितो. मी सातारा भागात रोज उगवत्या सूर्याचे छायाचित्र काढतो. लहानपणापासून वाटत असे की सर्वांत उशिरा सूर्य डिसेंबरात उगवतो, कारण दिवस तेव्हा लहान असतो. दोन वर्षांच्या नोंदी पाहिल्यावर लक्षात आले की आमच्याकडे तो सर्वांत उशिरा जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास उगवतो आणि सर्वांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या उत्तरार्धात. गोठ्यातल्या मंडळींना हे ठाऊक असेल. मला छायाचित्रांच्या वेळा पाहून कळले.

पहाटेची धार:

किटली खाली ठेवली की छायाचित्र, हे जमले. आज सहावा दिवस आहे. एक शंका आहे. चरणाऱ्या गायीच्या पायाशी रोज बगळे असतात. मी त्यांना पांढरेच समजत होते, पण छायाचित्रात त्यांच्या डोक्यावर आणि मानेवर हळदीसारखा, जरा गडद रंग दिसतो. फोनमध्ये काही बिघाड आहे का?

सड्यावरचे गवत:

बिघाड नाही, ताई. ते गायबगळे आहेत. गायीच्या पायांनी गवतातून उडणारे टोळ आणि किडे टिपण्यासाठी ते तिच्या मागे असतात. पावसाळ्यात त्यांच्या विणीच्या काळात डोके, मान आणि पाठ केशरी होते. विणीनंतर तो रंग उतरतो. दिवाळीपर्यंत रोज काढत राहिलात तर ते पुन्हा पांढरे होताना दिसतील.

पहाटेची धार:

मग दिवाळीपर्यंत काढते.