मदत हवी आहे: टेकट्रॉनिक्स २४६५ए ऑसिलोस्कोपची बॅकअप बॅटरी बदलायची आहे

मंडळी, माझ्याकडे टेकट्रॉनिक्स २४६५ए ऑसिलोस्कोप (विद्युत सिग्नल पडद्यावर आलेखासारखा दाखवणारं यंत्र) आहे. ट्रेस (पडद्यावरची रेषा) अजून सुरेख, रीडआउट (पडद्यावरचे आकडे) स्वच्छ. पण कंट्रोल बोर्डावरची लिथियम बॅटरी, जी स्कोप बंद असताना रॅममधले कॅलिब्रेशनचे (मोजमाप अचूक ठेवणारे) आकडे जपते, ती मूळचीच दिसते. मीटरवर ३.३ व्होल्ट दाखवते, नवी असती तर ३.६ च्या आसपास हवी. हे थायोनिल क्लोराइड सेल शेवटपर्यंत व्होल्टेज धरून ठेवतात आणि मग एकदम कोसळतात, म्हणून धाकधूक. ते आकडे उडाले तर पुन्हा कॅलिब्रेट करायला लागणारी साधनं घरी कुठून आणायची?

माझा बेत असा: स्कोप बंद, वायर भिंतीतून काढलेली. बाहेरून ३.६ व्होल्टचा दुसरा सेल डायोडमधून (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) समांतर जोडायचा, मग जुनी काढून नवी बसवायची. कॅलिब्रेशनचे आकडे स्क्रीनवर आणून त्यांचे फोटो आधीच काढून ठेवणार.

आता अडतंय ते असं. तात्पुरता सेल कुठे जोडता? बॅटरीच्याच पॅडवर (बोर्डावरच्या सोल्डरच्या जागांवर) तारा डकवल्या तर जुनी उपसताना त्या सुटायची भीती वाटते. रॅमच्या सप्लाय पिनवर जोडणं जास्त सुरक्षित का? आयर्नच्या टोकातून मेन्सची गळती रॅमपर्यंत पोचू नये म्हणून सोल्डरिंग आयर्न तेवढ्यापुरतं प्लगमधून काढून गरम टोकानेच काम उरकता, की अर्थिंगवर भरवसा ठेवता? आमच्या बिल्डिंगच्या अर्थिंगबद्दल न बोललेलंच बरं.

आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात पाय असलेला ताजा सेल मिळतो का? जुना साठा नको. टॅब असलेलाच हवा, सेलवर थेट सोल्डर करणार नाही.

ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा.