पहिलं इंजिनवालं उड्डाण: राइट की सांतोस-द्युमाँ?

प्रश्न: राइट बंधूंनी कॅटापल्ट वापरला, म्हणून १९०३ चं उड्डाण धरायचं नाही आणि पहिला मान १९०६ मध्ये उडालेल्या ब्राझिलियन वैमानिक सांतोस-द्युमाँला द्यायचा, असं वाचलं. कितपत बरोबर?

उत्तर १: इथे तारखांची गल्लत आहे. वजन खाली पाडून विमान ओढणारा कॅटापल्ट त्यांनी सप्टेंबर १९०४ पासून वापरला. १७ डिसेंबर १९०३ ला ६० फुटांचा सपाट रूळ, १२ अश्वशक्तीचं इंजिन आणि ताशी ४० किमीच्या आसपासचा समोरचा वारा, एवढंच होतं. पहिल्या खेपेला १२ सेकंदांत १२० फूट, म्हणजे जमिनीच्या हिशेबाने ताशी जेमतेम ११ किमी. समोरच्या वाऱ्यामुळे पंखांना मात्र पन्नासच्या घरातला वेग मिळत होता. चौथी खेप ५९ सेकंद, ८५२ फूट. नुसती उडी एवढी टिकत नाही.

उत्तर २: सांतोस-द्युमाँचं मोल कमी करू नका. त्याचं १४-बिस हे विमान स्वतःच्या चाकांवर धावून उडालं. १२ नोव्हेंबर १९०६ ला पॅरिसमध्ये, भर गर्दीसमोर, २२० मीटर! पण वळण घेण्यात ते फार कच्चं होतं. राइटांनी १९०५ मध्येच ३९ मिनिटं घिरट्या घातल्या होत्या.

उत्तर ३: फ्रेंच अभियंता आदेरचं वाफेवरचं उडतं यंत्र १८९० मध्ये जमिनीपासून वीतभर उचललं, पण त्यावर ताबा नव्हता. अमेरिकेतल्या व्हाइटहेडच्या १९०१ मध्ये उडाल्याच्या दाव्याला उडतानाचा एकही स्पष्ट फोटो नाही. माझ्या मते ताबा हीच खरी कसोटी.